नाव, पाळी, भाडं

इंदूर

चि.स अनेक आशीर्वाद,

तुझा मेल मुलीने अक्षरं मोठी करून दिला, दोनदा वाचला. यॉर्कशायरच्या त्या छोट्या रग्बी लीग क्लबात ज्युनियर पोरांचं काम तुझ्याकडे आलं, छान झालं. पण पैसा नाही आणि मोठे क्लब पोरं पळवतात, हे रडगाणं तू चार परिच्छेद गायलास. अरे, मालवा मिलच्या मैदानावर माझं आयुष्य त्यातच गेलं. आपली बरी पोरं रेल्वेने नेली, पोलिसांनी नेली, स्पोर्ट्स कोट्यातून. पक्की नोकरी सोडून माझ्या कबड्डीसाठी थांब म्हणायला मी कोण?

मात्र एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मोठ्यांनी नेलेली पोरं बोटांवर मोजण्यासारखी असतात. गळतात ती बाकीची, आणि ती गुपचूप गळतात.

1991 साली इथली हुकुमचंद कापड मिल बंद पडली. दोनेक वर्षांत माझी सोळा-सतराची पोरं कमी व्हायला लागली. मला वाटलं दुसऱ्या आखाड्याने फोडली. एके दिवशी सायकल काढून एकेकाच्या घरी गेलो. कोणी कुठे गेलं नव्हतं रे. बापाचं काम सुटलं होतं आणि पोरगा सांवेर रोडच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला लागला होता. आमचा सराव संध्याकाळी साडेपाचला! त्याच आठवड्यात सराव पहाटेवर नेला आणि वर्गणीतून टेम्पोचं भाडं द्यायला लागलो. अकरापैकी सात परत आले.

तेव्हापासून एक लाल बांधणीची वही ठेवली. नाव, घरात कमावणारं कोण, पाळी कुठली, मैदानावर येतो कसा, आणि शेवटचा रकाना, घरी कोणाशी बोलायचं. बहुतेकांच्या त्या रकान्यात आई किंवा आजी असायची. पळण्याच्या वेळा त्यात कधीच नव्हत्या, त्या डोक्यात राहतात.

तुझ्या खेळाचा तर जन्मच या रकान्यांतून झालाय. 29 ऑगस्ट 1895, हडर्सफील्डचं जॉर्ज हॉटेल. शनिवारी खेळायला गेलं की गिरणी-खाणीतल्या माणसाची मजुरी बुडायची; ती भरून द्यावी, एवढंच तिथल्या क्लबांचं मागणं. रग्बीच्या संघटनेने, रग्बी फुटबॉल युनियनने, मानलं नाही, म्हणून ते वेगळे निघाले आणि तीच पुढे रग्बी लीग झाली. तेव्हा दहा पौंड असले तर आधी बसभाड्याला ठेव, जर्सी नंतर.

आता माझी चूक ऐक. एका स्पर्धेसाठी बाहेरचा चढाईपटू आणला, मानधन देऊन. त्याने गुण भरपूर घेतले, आम्ही हरलोच. महिनाभरात माझ्या बचावातले दोन कव्हर आणि कोपऱ्याचा एक पोरगा यायचे थांबले. विचारलं तर एक म्हणाला, "सर, आम्हाला तर चहाही आपल्या खिशातून." तोंडात मारल्यासारखं झालं. खरं तर हा धडा इंदूरकराला नवा असायला नको. 1944-45च्या रणजी अंतिम सामन्यात इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन आपल्या इंदूरच्या होळकर संघाकडून खेळला, दुसऱ्या डावात नाबाद 249, आणि तरी मुंबईने 374 धावांनी हरवलं. तो महूच्या लष्करी छावणीत होता म्हणून मिळाला, विकत आणला नव्हता. पण एकट्याने किती ओढणार?

उलट ऑस्ट्रेलियातला रग्बी लीग क्लब पेनरिथ बघ. 2021 ते 2024 ओळीने चार विजेतेपदं, आणि पगाराच्या मर्यादेपायी दरवर्षी माणसं सोडावी लागत होती. 2023 नंतर स्टीफन क्रायटन गेला, 2024 नंतर जॅरोम लुआय. खाली पश्चिम सिडनीच्या पोरांची रांग तयार होती म्हणून निभावलं. त्यांच्याकडे पैसा आहे, तुझ्याकडे नाही, मान्य. रांग मात्र तुलाही लावता येईल. सामन्याच्या दिवशी तुला सतरा लागतात. त्यातले तीन तारे जाणार हे धरूनच चाल आणि आठव्यापासून चौदाव्यापर्यंतचे धरून ठेव, तेवीस-चोविशीचे, ज्यांना कोणी विचारत नाही. सगळ्यांचे करार एकाच वर्षी संपू देऊ नकोस. प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला धिप्पाड गडी, उशिरा पिकतो, त्याला अठराव्या वर्षी काढू नकोस.

आणि बुटक्यांना सांभाळ. तिकडे वयोगट 1 सप्टेंबरपासून मोजतात. म्हणजे ऑगस्टमध्ये जन्मलेला पोरगा स्वतःपेक्षा जवळजवळ वर्षाने मोठ्या पोरांना टॅकल करतो आणि चौदाव्या वर्षी "लहान आहे" म्हणून बाहेर जातो. निवडीच्या यादीत जन्ममहिना लिहीत जा. (आपल्याकडे हे जमणार नाही, इथे अर्ध्या पोरांचा वाढदिवस शाळेच्या दाखल्यावर 1 जुलै!)

जाणाऱ्याशी भांडू नकोस, निरोप नीट दे. माझा रेल्वेत गेलेला एक पोरगा अजून सुटीत येऊन धाकट्यांना पकड शिकवतो, चहा त्याच्याच खिशातून.

तुझी आई परवा शेवेचं पाकीट देऊन गेली, पुढच्या महिन्यात तिकडे येणाऱ्या कोणाबरोबर तरी धाडतो. वही घेतलीस की पहिल्या पानाचा फोटो पाठव, आणि शेवटचा रकाना रिकामा ठेवू नकोस.

तुझा
सर