यवतेश्वरचा घाट कुठं पळून जात नाही

कॅन्सरची किमो झाल्याच्या आठवड्यात साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट पळायला जाऊ नकोस. मी गेलो होतो, दुसऱ्याच वळणावर बसलो. घरापुढं वीस मिनिटं चाललास तरी तो सरावच, लेका. ताप १००.४ फॅरनहाइटला टेकला की सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा संसर्गही जिवावर बेततो. लग्नाची गर्दी टाळ, मावशी रुसली तरी. औषधांत प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड असेल तर नाडाच्या (खेळाडूंची डोपिंग चाचणी घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) सवलतीचं, म्हणजे उपचारासाठी ते औषध घ्यायच्या परवानगीचं, डॉक्टरांना विचार, कागद जपून ठेव. युवराज सिंग २०१२ च्या मार्चमध्ये किमो संपवून सप्टेंबरात भारताकडून खेळला. ते मीही भिंतीवर लिहून ठेवलं होतं. मला मात्र परतायला दीड वर्ष लागलं. आणि केस गेल्यावर टोपी नको वाटली तर घालू नकोस. पोरं मला ‘गोटा’ म्हणायची, अजून म्हणतात.