निम्मे पैसे आगाऊ? नको

घर बांधायला तिघांनी दर दिले, त्यातला सर्वांत स्वस्त ठेकेदार निम्मी रक्कम आगाऊ मागतोय आणि ओळखीतला आहे म्हणून द्यावी का, असं तुम्ही विचारलंय. देऊ नका. सामान आणायला थोडी उचल मागणं ठीक आहे, पण न झालेल्या कामाचे पैसे एकदा गेले की तुमच्या शब्दाला साइटवर काही वजन राहत नाही.

दरात एवढी तफावत दिसते तेव्हा बहुतेक वेळा तिघांनी तीन वेगळी घरं मोजलेली असतात. एकाने गच्चीचं वॉटरप्रूफिंग धरलेलं असतं, दुसऱ्याने ते 'नंतर बघू' म्हणून सोडलेलं असतं. काँक्रीटचा ग्रेड, सळईचे व्यास, पाइपांचा दर्जा हे सगळं इंजिनिअरकडून लिहून घ्या, तोच कागद तिघांना द्या आणि दर पुन्हा मागवा. तुमचा स्वस्त माणूस कदाचित तेवढा स्वस्त राहणार नाही.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या घराच्या वेळी मी टाइल्सच्या रंगावर पंधरा दिवस घालवले आणि स्लॅबच्या दिवशी तासभर उभं राहून परत आलो. सळयांखाली ठेवायचे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, हेही तेव्हा ठाऊक नव्हते. सळया थेट सेंट्रिंगच्या (स्लॅब ओतायच्या तात्पुरत्या साच्याच्या) प्लायवर टेकलेल्या होत्या. सहाव्या वर्षी बाथरूमखालच्या छताचे पोपडे निघाले आणि आतली गंजकी सळई दिसू लागली. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. ठेकेदार फोन उचलेना. शेवटचा हप्ता राहायला जायच्या घाईत मी कधीच देऊन टाकला होता.

म्हणून झाकलं जाणारं काम झाकण्याआधी बघायचं, आणि हप्ता त्या पाहणीनंतरच द्यायचा. पाहणी करणारा इंजिनिअर तुम्ही नेमा, फी तुम्ही द्या. ठेकेदाराने 'आपलाच माणूस आहे' म्हणून आणलेला नको. स्लॅब भरण्याआधी त्याने सळयांची जाडी, त्यांच्यातलं अंतर आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, तपासावा (स्लॅबला साधारण 20 मिमी, कॉलमला 40 मिमी, पण अंतिम शब्द ड्रॉइंगचा). तुम्ही टेप लावून फोटो काढून ठेवा, पुढे भांडण झालं तर तेच कामाला येतात.

भरताना नजर पाण्यावर ठेवा. मिक्स सैल असलं की कामगारांचे कष्ट वाचतात, म्हणून पाइप धरायचा मोह होतोच. 50 किलो सिमेंटला साधारण 25 लिटरच्या आसपास पाणी पुरतं आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं, मागे पोकळ्या राहतात आणि ताकद घटते. काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र, म्हणजे व्हायब्रेटर, नसेल तर भरणी थांबवा. प्रत्येक भरणीचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे नमुना ठोकळे, काढायला लावा. 28 दिवसांच्या निकालावर कुणाला वाद घालता येत नाही. आणि क्युरिंग, म्हणजे भरलेलं काँक्रीट ओलं ठेवणं! 'मारलं की पाणी सकाळी' यावर विसंबू नका. स्लॅबवर वाफे करून निदान आठवडाभर पाणी उभं राहिलं पाहिजे, दहा दिवस मिळाले तर उत्तमच.

टाइल्सच्या आधी बाथरूम आणि गच्चीवर 48 तास पाणी तुंबवून खालून ओल येते का बघा. नळाच्या लाइनची प्रेशर टेस्ट गिलाव्याआधी. करारात 5 ते 10 टक्के रक्कम ताबा घेतल्यावर वर्षभर राखून ठेवायचं कलम घाला. वाढीव कामाचा दर काम सुरू होण्याआधी लिहून घ्या, बहुतेक भांडणं तिथूनच लागतात.

चांगला ठेकेदार ओळखायचा तर त्याचं नवं, रंग ओला असलेलं घर बघू नका. तिथे सगळंच छान दिसतं. चार-पाच वर्षं जुनी घरं दाखव म्हणा. खिडक्यांचे खालचे कोपरे, गच्चीच्या कडा, बाथरूमच्या भिंतीची बाहेरची बाजू बघा. मालकाशी बोलताना ठेकेदाराला सोबत ठेवू नका, आणि 'काम कसं झालं?' याऐवजी 'तक्रार केली तेव्हा तो आला का?' हे विचारा. तक्रार निघणारच, चांगल्या माणसाच्या कामातही निघते.

तिसऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंय की तो फार कटकट्या आहे, दर सांगण्याआधीच मातीपरीक्षणाचा अहवाल मागत बसला. त्याची जुनी घरं आधी बघून या.