राज्य कोणावर आहे, तेवढं बघ

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिनक्स कर्नलच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) स्टेजिंग विभागातल्या, म्हणजे अजून कच्च्या कोडच्या विभागातल्या, एका ड्रायव्हरमध्ये छोटी दुरुस्ती करून पॅच, म्हणजे त्या बदलाचा मेल, पाठवला. लगेच सूचना आल्या, म्हणून त्याच रात्रीत सुधारून दोनदा परत पाठवला. त्यावर एक लांबलचक मेल आला, त्यात माझ्या चुकांची यादीच होती. महिना झाला, काही पाठवायची हिंमत होत नाही. इनबॉक्समध्ये सहा हजार न वाचलेले मेल आहेत, त्यातले माझ्यासाठीचे कोणते तेच कळत नाही. ऑगस्टपासून प्लेसमेंट आहे. बाबा म्हणतात, "लोकांची फुकट कामं करण्यापेक्षा अ‍ॅप्टिट्यूडचा अभ्यास कर." हे सगळं सोडून देऊ का?

उत्तर : तो लांबलचक मेल आणि पॅचवर आलेले बाकीचे मेल तू पत्रासोबत जोडलेस ते बरं केलंस. घाबरण्याच्या नादात तू त्या लांबलचक मेलची सुरुवात वाचलेली दिसत नाही. तो माणसाने लिहिलेलाच नाही. स्टेजिंगचे मेंटेनर (त्या विभागाचा कोड सांभाळणारे) ग्रेग क्रोहा-हार्टमन यांच्याकडे इतके पॅच येतात की नेहमीच्या चुकांसाठी त्यांनी एक पॅच-बॉट ठेवलाय. मी त्यांचा पॅच-बॉट, अशी तो आपली ओळखही सुरुवातीलाच करून देतो. नव्याने येणाऱ्या कित्येकांना हेच साचेबंद उत्तर जातं. महिनाभर तू एका स्क्रिप्टवर रुसून बसलायस.

त्यातला तुला खरोखर लागू असलेला मुद्दा एकच आहे. नवी आवृत्ती पाठवलीस, पण आधीच्यापेक्षा काय बदललं ते लिहिलं नाहीस. पॅचमध्ये तुझ्या साइन्ड-ऑफ-बायच्या, म्हणजे सहीच्या, ओळीनंतर तीन आडव्या रेघांची एक ओळ असते बघ. तिच्या वर लिहिलेलं कर्नलच्या इतिहासात कायमचं जातं. तिच्या खाली लिहिलेलं फक्त तपासणाऱ्यासाठी असतं, पॅच घेताना गिट (कोडच्या बदलांचा हिशेब ठेवणारं साधन) ते गाळून टाकतं. बदलांची नोंद तिथे करायची. इंग्रजीतच लिहायची, पण मराठीत सांगायचं तर अशी (व्ही म्हणजे व्हर्जन, आवृत्ती) :

व्ही-३ : चूक आल्यावर बाहेर पडताना मेमरी मोकळी होत नव्हती, ती आता होते.
व्ही-२ : दोन वेगळे बदल एकाच पॅचमध्ये होते, ते दोन पॅचमध्ये वेगळे केले.

बस, एवढंच. समोरच्याने तुझा व्ही-१ चार दिवसांपूर्वी पाहिलेला असतो आणि मधल्या काळात त्याच्या डोळ्यांखालून इतरांचे शंभर पॅच गेलेले असतात. ही नोंद नसेल तर त्याला पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं, आणि तो वाचत नाही.

आता एका रात्रीत तीन आवृत्त्यांबद्दल. तुला वाटलं, झटपट केलं की छाप पडेल. पण तू मेलच्या वेळा दिल्या आहेस त्यावरून दिसतं की व्ही-२ गेला तेव्हा युरोपातला एक रिव्ह्यूअर, म्हणजे पॅच तपासणारा, अजून व्ही-१ च वाचत होता. त्याने सकाळी उठून ज्या ओळीवर कष्टाने मत दिलं, ती ओळ तू रात्रीच काढून टाकली होतीस. त्याचा अर्धा तास पाण्यात गेला. एक सूचना आली की लगेच नवा पॅच न काढता दोन-चार दिवस थांब, सगळ्यांचं येऊ दे, मग एकदाच सुधारून पाठव. उत्तरच आलं नाही तर कर्नलच्या नियमांप्रमाणे निदान आठवडाभर तरी आठवण करायची नाही. मर्ज विंडोचे, म्हणजे कर्नलच्या पुढच्या आवृत्तीसाठी बदल गोळा करण्याचे, दोन आठवडे चालू असतील तर आणखी थांबायचं, कारण तेव्हा मेंटेनर मंडळी लग्नघरातल्यासारखी गडबडीत असतात. काहीही न बदलता तोच पॅच पुन्हा पाठवायचा असेल तर विषयात 'रीसेंड' लिहायचं, आकडा वाढवायचा नाही.

सहा हजार मेलचं कोडं मला लगेच उलगडलं. कुणीतरी सांगितलं म्हणून तू कर्नलच्या मुख्य मेलिंग-यादीचा सभासद झालायस. तिथे रोज शेकड्यांनी मेल येतात आणि त्यातले जवळजवळ सगळे तुझ्यासाठी नसतात. आजच नाव काढून घे. तुझं काहीही चुकणार नाही, कारण तिथे उत्तर देताना सगळ्यांना उत्तर देण्याची रीत आहे. तुझ्या पॅचवर कुणी बोललं की तो मेल थेट तुझ्या पत्त्यावरही येतो. बाकीचं कधी वाचावंसं वाटलंच तर 'लोर' या कर्नलच्या मेलच्या ऑनलाइन संग्रहात सगळं पडलेलं आहे. मग फिल्टर एकच ठेव : 'प्रति' किंवा 'सीसी'मध्ये माझा पत्ता आहे का? गिटहब या कोडच्या संकेतस्थळावर काम करत असशील तर तिथेही तेच. आख्खा प्रकल्प 'वॉच' करून ठेवू नकोस, फक्त ज्यात तू भाग घेतलास किंवा जिथे तुझं नाव घेतलं गेलं तेवढ्याच सूचना चालू ठेव.

पण खरं सांगू? फिल्टरने मेल कमी होतील, गोंधळ कमी होणार नाही. गोंधळ असा आहे की तू 'न वाचलेले किती' हे मोजतोयस. लहानपणी लपंडाव खेळताना आपण काय विचारायचो? राज्य कोणावर आहे? तेवढंच विचारायचं. वहीत पॅचमागे एक ओळ कर : पॅचचं नाव, कितवी आवृत्ती, राज्य कोणावर, कधीपासून. रिव्ह्यूअरवर राज्य असेल तर तू निवांत झोप. तुझ्यावर असेल तर मात्र दोन दिवसांच्या आत निदान "वाचलं, रविवारपर्यंत करतो" एवढं तरी कळव. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. गेरिट नावाचं रिव्ह्यूचं साधन आहे, अँड्रॉइडचं काम त्याच्यावर चालतं. त्यात 'अटेन्शन सेट' म्हणून सोय आहे, ती नेमकं हेच दाखवते : आता कोणी काहीतरी करायचं आहे. मेलमध्ये ती सोय नाही, म्हणून वही.

आणखी एक गोष्ट, कारण तुझ्या जोडलेल्या मेलमध्ये मला ती दिसली आणि माझीच जुनी चूक आठवली. सल्ले द्यायच्या या कामात येण्याआधी मी काही वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली. पहिल्या नोकरीत एका वरिष्ठाने माझ्या कोडवर विचारलं, "हे लॉक इथे का घेतलं?" मी घाबरून लॉकच (एकाच वेळी दोघांना तोच डेटा बदलू न देणारी सोय) काढून टाकलं. त्याने फक्त विचारलं होतं! लॉक बरोबर होतं, आणि ते काढल्याने पुढे दोन दिवस सगळी टीम एक बग शोधत बसली. तुलाही व्ही-१ वर एकाने विचारलं आहे की ही तपासणी कशाला, आणि व्ही-२ मध्ये ती तपासणी गायब आहे. प्रश्न म्हणजे हुकूम नव्हे. त्याच्या वाक्याखालीच उत्तर लिही, तुझं म्हणणं बरोबर असेल तर कारण दे. आणि ज्या प्रश्नामुळे कोड बदलावं लागलं नाही, त्याचं उत्तर कोडमधल्या कॉमेंटमध्ये किंवा पॅचच्या वर्णनात घाल, म्हणजे पुढच्याला तोच प्रश्न पडणार नाही.

आता बाबा. ते चुकीचं बोलत नाहीयेत. तुमच्या कॉलेजात ज्या मोठ्या कंपन्या घाऊक भरतीला येतात, त्यांच्या पहिल्या चाळणीत तुझा पॅच कुणी विचारणार नाही, अ‍ॅप्टिट्यूडच विचारतील. तेव्हा रोजचा तास त्याला दे, त्यात तडजोड नको. पण कर्नल, ड्रायव्हर, एम्बेडेड असल्या कामाच्या जागा बहुतेक वेळा तुमच्या कॅम्पसवर येतच नाहीत. त्यासाठी तुलाच अर्ज करावा लागेल. पुण्यात रेड हॅटचं इंजिनिअरिंग ऑफिस आहे, एनव्हिडियाचं आहे, शिवाय लिनक्स फाउंडेशनचा कर्नल मेंटॉरशिपचा कार्यक्रम आहे. अशा ठिकाणी बायोडेटात "ओपन सोर्समध्ये योगदान" एवढं लिहून भागत नाही. पहिल्या आवृत्तीपासून शेवटच्या आवृत्तीपर्यंतच्या चर्चेचा दुवा दे. मी मुलाखती घ्यायचे तेव्हा उमेदवाराला विचारायचे, रिव्ह्यूनंतर काय बदललंस आणि काय बदलायला नकार दिलास? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण गप्प व्हायचे. बाबांनाही एकदा तो दुवा उघडून दाखव. परदेशातला कुणी अनोळखी माणूस आपल्या मुलाच्या अकरा ओळी इतक्या बारकाईने वाचतोय, हे त्यांनी पाहिलेलं नाही.

एकावेळी दोनच पॅच चालू ठेव, प्लेसमेंट होईपर्यंत एकच.

आणि आज रात्री, अ‍ॅप्टिट्यूडचा तास झाला की, व्ही-३ वर आलेला तो युरोपातल्या रिव्ह्यूअरचा मेल उघड. त्याचा शेवटचा प्रश्न महिनाभर तसाच आहे, राज्य तुझ्यावर आहे. माफीचे तीन परिच्छेद नकोत. उशीर झाला, एवढं एका ओळीत लिही, त्याच्या प्रश्नाखाली उत्तर लिही, आणि व्ही-४ ला हात लावायच्या आधी तो काय म्हणतो ते ऐक.