टाइपफेस, फाँट आणि खिळा : एकट्या ‘टंक’वर भागेल काय?

टाइपफेस आणि फाँट या दोन्हींसाठी मराठीत ‘टंक’ हा एकच शब्द लिहावा काय, की छापखान्यातला जुना ‘खिळा’ पुन्हा वापरात आणावा, असा प्रश्न आहे. माझ्या मते येथे वस्तू दोन आहेत, म्हणून शब्दही दोन हवेत, आणि ते मराठीत तयार आहेत.

फाँट हा शब्द वितळवणे, ओतणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आला. वितळलेला धातू साच्यात ओतून एका मापाच्या आणि एका घडणीच्या अक्षरांचा जो संच पाडत, तो फाँट. त्यामुळे त्याच घडणीचा दहा पॉइंटचा संच हा एक फाँट आणि बारा पॉइंटचा हा दुसरा. त्या संचातला सुटा तुकडा म्हणजे खिळा, आणि खिळ्याच्या माथ्यावरचा, उलट्या अक्षराचा, शाई लागणारा भाग म्हणजे फेस. पुढे फेस या शब्दाने अक्षरांची घडणच ओळखली जाऊ लागली.

हा भेद केवळ कोशातला नाही. पॅरिसचे अक्षर-कोरक क्लोद गारामों यांचे १५६१ मध्ये निधन झाल्यावर त्यांचे पोलादी ठसे (टोकावर अक्षर कोरलेल्या कांड्या) आणि मातृका (ते ठसे तांब्यात ठोकून केलेले, खिळे ओतण्याचे साचे) विकल्या गेल्या. त्यांतील काही अँटवर्पच्या क्रिस्तोफ प्लांतँ या मुद्रकाकडे गेल्या आणि आज तेथील प्लांतँ-मोरेटस संग्रहालयात जपलेल्या आहेत. खिळे झिजत, पुन्हा वितळवले जात, नवे पाडले जात; घडण मात्र ठशात आणि मातृकेत टिकून राही. जे झिजते ते आणि जे टिकते ते, या दोहोंना एकच नाव देणे मला पटत नाही.

टाइपफेससाठी मी ‘अक्षरवळण’ किंवा नुसते ‘वळण’ सुचवतो. हाताच्या अक्षराला आपण वळण असते असे म्हणतोच, आणि एकाच वळणाची हलकी, ठळक, अरुंद रूपे असू शकतात हेही या शब्दात सहज सामावते. अक्षररचनाकार आड्रिआन फ्रुटिगर यांचे १९५७ मधील ‘युनिव्हर्स’ हे एक वळण, पण त्याची आखलेली रूपे २१.

टंक हा संस्कृत शब्द मुळात दगड फोडण्याच्या छिन्नीचा. पाथरवटाची टाकी त्याच कुळातली. व्युत्पत्तीने पाहता तो ओतणाऱ्यापेक्षा कोरणाऱ्याला अधिक जवळचा आहे, हे मान्य करायला हवे. १५०१ मध्ये व्हेनिसमध्ये तिरक्या अक्षरांत पहिले पुस्तक निघाले, तेव्हा छापखाना आल्दुस मानुत्सिओ यांचा होता, पण टाकी फ्रान्चेस्को ग्रिफो यांची. तरीही संगणकावर बसवायच्या अक्षरसंचासाठी, म्हणजे फाँटसाठी, टंक हा शब्द आता रुळला आहे, आणि रुळलेला शब्द केवळ व्युत्पत्तीसाठी हलवू नये.

संगणकावर एकच फाइल हव्या त्या मापाची अक्षरे देते, त्यामुळे मापागणिक वेगळा फाँट ही कल्पना मावळली आणि दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले. पण घडवणाऱ्याचे काम आणि वापरायची वस्तू यांतील अंतर आजही आहे. अक्षररचनाकार मॅथ्यू कार्टर तरुणपणी नेदरलँड्समधील हार्लेमला हाताने ठसे कोरायला शिकले आणि १९९६ मध्ये त्यांचे ‘व्हर्डाना’ पडद्यावरच्या वाचनासाठी आले. तेव्हा ‘व्हर्डाना हे वळण कार्टर यांनी घडवले’ असे लिहावे, ‘व्हर्डानाचा ठळक टंक संगणकावर बसवला’ असे लिहावे, आणि ‘खिळा’ हा शब्द धातूच्या त्या एकेका तुकड्यासाठीच राखावा.