गेलिक गाणे: परक्या कंठाने गावे का, आणि कसे?

प्रश्न: मी नोकरीनिमित्त ग्लासगो येथे राहते. लहानपणापासून शास्त्रीय गायन शिकले आहे. गेलिक या स्कॉटलंडमधील जुन्या भाषेत गाणाऱ्या येथील एका गायनवृंदात मला प्रवेश मिळाला आहे. परंतु ही भाषा मला येत नसल्याने रोमन लिपीत उतरवलेले उच्चार पाठ करून मी गाते. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांच्यासमोर असे गाणे योग्य आहे का? उच्चार कसे सुधारावेत?
– एक वाचक, ग्लासगो

उत्तर: गाणे अवश्य गावे. 1892 साली ओबान येथे प्रथम भरलेल्या ‘मॉड’ या राष्ट्रीय गेलिक महोत्सवात भाषा शिकणाऱ्यांसाठी वेगळ्या स्पर्धा असतात, म्हणजे परक्यांचे गाणे तेथे रीतसर मान्य आहे. मात्र संगीताचे गुण निराळे आणि गेलिकचे निराळे दिले जात असल्याने, आवाज कितीही तयार असला तरी कच्चे शब्द खपत नाहीत. अमेरिकेत जन्मलेल्या मार्गारेट फे शॉ 1929 मध्ये साउथ युइस्ट बेटावर गेल्या, दोन बहिणींच्या घरी सुमारे सहा वर्षे राहिल्या, त्यांच्याबरोबर राबत भाषा शिकल्या आणि मगच त्यांची गाणी नीट टिपू शकल्या. असे जाऊन राहणे सर्वांना जमणार नाही. पण गाण्याआधी भाषेसाठी वेळ काढणे तुम्हाला नक्कीच जमेल.

रोमन टिपणे बाजूला ठेवा, कारण ती वाचताना इंग्रजीची सवय आड येते. ‘डी’ने लिहिलेला गेलिक ध्वनी ए, ओ, यू (a, o, u) या स्वराक्षरांशेजारी आपल्या ‘त’च्या जवळचा असतो, तर ‘टी’ने लिहिलेला ‘थ’च्या, आणि दोन्ही दंत्य असतात, ई किंवा आय (e, i) शेजारी असेल तर तेच ध्वनी तालव्य ‘च’ व ‘छ’ यांच्याकडे झुकतात. हा भेद मराठी जिभेला नवा नाही. शब्दाच्या मध्ये वा शेवटी क, त, प यांच्याआधी हकारासारखा श्वास येतो, तो मात्र मुद्दाम ऐकून शिकावा लागेल. काही व्यंजनांमध्ये न लिहिलेला स्वरही उमटतो (भाषाशास्त्रज्ञ गेलिकच्या संदर्भातही त्याला ‘स्वरभक्ती’ असेच म्हणतात). ‘आल्बा’ असे दिसणारे स्कॉटलंडचे गेलिक नाव त्यामुळे ‘आलपा’सारखे ऐकू येते.

तुमच्या तालमीमुळे मला एकच काळजी वाटते. शास्त्रीय गायनात आपण एखादे अक्षर धरून स्वरविस्तार करतो. गेलिक गाण्यात आघात बहुधा शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असतो आणि ऱ्हस्व-दीर्घ भेदाने अर्थ बदलतो, त्यामुळे ऱ्हस्व स्वर लांबवला की ऐकणाऱ्याच्या दृष्टीने शब्दच मोडतो. म्हणून चालीशिवाय, बोलल्यासारखे, पूर्ण गाणे म्हणता येईपर्यंत सूर लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवातीला श्रमगीते घ्या. हेब्रिडीज बेटांवरच्या स्त्रिया विणलेले लोकरी कापड घट्ट करण्यासाठी ते ओले करून फळीवर आपटत, आणि त्या तालावर एकीने ओळ म्हणावी, इतरांनी पालुपद उचलावे, अशी ही गाणी चालत. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या कानाला त्यांतला हाताच्या कामाचा ठेका लगेच ओळखू येईल. पालुपदातील निरर्थक वाटणारी अक्षरे चालीचा कणा असतात, ती सोयीनुसार बदलू नयेत.

‘टोबर आन दुआल्खाइश’ या ऑनलाइन संग्रहात एडिनबरा विद्यापीठाच्या लोकसंस्कृती विभागाने गावोगावी केलेली जुनी ध्वनिमुद्रणे विनामूल्य ऐकता येतात. एक गाणे आणि एकच जुनी गायिका निवडा, कारण लुइस बेटाचा उच्चार वेगळा आणि साउथ युइस्टचा वेगळा. दोन्हींची सरमिसळ स्थानिकांना खटकते. भाषा रीतसर शिकायची असेल तर स्काय बेटावरील ‘सौल मोर ओस्टेग’ हे गेलिक महाविद्यालय दूरस्थ अभ्यासक्रमही चालवते. प्रत्येक ओळीचा अर्थ वृंदातील मातृभाषकाकडून समजून घ्या, त्यांच्यासमोर गाणे एकदा नुसते वाचून दाखवा, आणि मंचावर ते जाहीर करताना रचनाकाराचे नाव, ते ज्ञात नसेल तर गाणे कोणत्या बेटावरचे आणि कोणाच्या गळ्यातून तुमच्याकडे आले, हे आवर्जून सांगा.