मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांवर खासगी माहितीबाबत विश्वास ठेवावा का?

डोळे झाकून विश्वास ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या कंपन्यांच्या बऱ्याच सेवा फुकट मिळतात, कारण आपण काय शोधतो, कुठे जातो आणि कशावर रेंगाळतो यांवरून जाहिराती ठरतात व त्यांचे पैसे जाहिरातदार मोजतो. २०१८ मध्ये उघड झालेल्या केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात एका प्रश्नावलीच्या ॲपमधून ८.७ कोटींपर्यंत फेसबुक वापरकर्त्यांची माहिती बाहेर गेली असावी, असे खुद्द फेसबुकने सांगितले. त्यांतील बहुतेकांनी ते ॲप उघडलेही नव्हते, मित्रांनी दिलेल्या परवानगीतून त्यांची माहिती गेली होती. मला हीच बाब सर्वांत गंभीर वाटते. सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा भाव पाहण्यासाठी घेतलेले एखादे ॲप संपर्कयादी वाचण्याची परवानगी मागते आणि आपण घाईत होकार देतो, तेव्हा अडत्यापासून माहेरच्या माणसांपर्यंत सगळ्यांचे नंबर आपण त्यांना न विचारता परस्पर देऊन टाकतो. गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आणि दिलेली संमती मागे घेण्याची तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे. तरीही फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन एकेका ॲपची परवानगी आपणच तपासावी. भाव पाहायला संपर्कयादी लागत नाही.