अ‍ॅप उडवलं, किल्ली मात्र त्याच्याकडेच

प्रश्न : मी कोथरूडच्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. पावत्यांची पीडीएफ करायला मागे एक अ‍ॅप घेतलं, त्यात गूगल खात्यानेच लॉगिन केलं. अ‍ॅप केव्हाच उडवलं. तरी त्याला माझे कागद दिसत असतील का?

उत्तर : ताई, ड्राइव्हची, म्हणजे गूगलवर कागद साठवायच्या जागेची, परवानगी दिली असेल, तर दिसू शकतात. फोनवरून अ‍ॅप काढलं म्हणजे भाडेकरूने पाटी उतरवली. किल्ली अजून त्याच्याच खिशात. नुसतं लॉगिन केलं असेल, तर बहुधा नाव, ईमेल, फोटो एवढंच गेलेलं असतं.

गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये ‘सुरक्षा’ उघडा. खात्याशी जोडलेल्या इतर अ‍ॅप्सची यादी तिथे आहे. नावावर टिचकी मारली, की काय काय बघायची मुभा दिलीय ते कळतं. तिथूनच ती काढताही येते. माझ्या यादीत पत्रिका जुळवणारं अ‍ॅप निघालं, तेही संपर्कयादीसकट! (मुलीचं लग्न होऊन नातू शाळेत जातोय.)

पासवर्ड बदलला की सगळे आपोआप बाहेर, असं धरून चालू नका. आणि परवानगी काढली, तरी आधी उचललेल्या प्रती परत येत नाहीत. त्या पुसायला अ‍ॅपवाल्यांनाच लिहा.